दान, देणगी, वर्गणी: फरक काय? आणि 'दानत' कुठून आली?

प्रश्न

गावच्या वाचनालयाचं छप्पर बदलायचंय. निवेदन लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीत अडलो. 'दान करा' लिहिलं तर एक काका म्हणाले, "आपण देऊळ बांधतोय का?" 'देणगी' केलं तर दुसरे म्हणाले, "मग शंभर रुपये देणारा पुढे यायचा नाही." उरली 'वर्गणी'. या तिन्हींत नेमका फरक काय? की ज्याची दानत आहे तो शब्द न बघता देतोच?

प्रतिसाद

दोन्ही काकांचं बरोबर आहे. लोक का देतात ते या शब्दांतच दडलेलं आहे.

आधी क्रियापदं बघा. दान *करतात*, देणगी *देतात*, वर्गणी *काढतात* किंवा *भरतात*. 'वर्गणी थकली' म्हणता येतं, 'दान थकलं' म्हणता येत नाही. उलट 'गुप्तदान' चालतं, पण 'गुप्त वर्गणी' कधी ऐकलीत?

दानात देणारा हक्क सोडतो. दान देताना हातावरून पाणी सोडायची रीत होती, आणि एखाद्या गोष्टीवर 'पाणी सोडलं' असं आपण अजून म्हणतो. त्या पैशाचं पुढे काय झालं, हे दान करणारा सहसा विचारत नाही. त्याला मिळायचं ते देतानाच मिळालेलं असतं.

वर्गणी म्हणजे वाटा. वाटा भरला की हिशेब मागायचा अधिकार आला. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड काढला तो याच भावनेवर: वर्षाला माणशी एक पैसा. टिळकांनी त्याला पाठबळ दिलं आणि १९०८ साली त्यातून तळेगावला काचकारखाना उभा राहिला. नावात 'फंड' असला तरी वृत्ती वर्गणीची. पैसा देणाऱ्याला तो कारखाना आपला वाटावा, हेच त्यात मोलाचं होतं.

देणगी या दोहोंच्या मधली. रक्कम ऐच्छिक आणि बहुधा मोठी, सोबत नाव. महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं नाव लागलं: श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. याला कुणी नावाची हाव म्हणेल, मला ते पटत नाही. आईचं नाव शिकणाऱ्या मुलींच्या तोंडी राहावं, यापेक्षा निर्मळ कारण कोणतं असणार?

आता दानत. हिचा 'दान'शी मुळात संबंध नाही. अरबी 'दियानत', म्हणजे सचोटी, ती फारसीच्या वाटेने मराठीत आली. म्हणून 'त्याची दानत चांगली नाही' याचा अर्थ तो कंजूष आहे असा नाही, नियत खोटी आहे असा.

प्रश्नकर्ता

पण आमच्याकडे सर्रास 'द्यायची दानत लागते' म्हणतात. ते चूक धरायचं का?

दुसरा प्रतिसाद

अजिबात नाही. कानाला 'दान' ऐकू आलं आणि लोकांनी अर्थ तिकडे वळवला. आता तोही रूढ आहे. मात्र जुना अर्थ पैसे मागणाऱ्याने विसरू नये. खिशाला हात घालण्याआधी माणूस मागणाऱ्याची दानत बघतो. आमच्या आळीत एका वर्षी गणपतीचा हिशेब फळ्यावर लागला नाही. पुढच्या वर्षी तीच घरं, तीच माणसं, पण वर्गणी निम्म्यावर आली.

तुमच्या निवेदनात 'लोकवर्गणी' लिहा, शेजारी छपराचा अंदाजे खर्च लिहा. पावतीवर मात्र 'देणगी' हवं. संस्थेला प्राप्तिकर खात्याची ८०-जी मान्यता असेल तर करसवलत देणगीलाच मिळू शकते, आणि रोख दिली तर २००० रुपयांपर्यंतच.

शिवाय पावतीवर 'यांचे स्मरणार्थ' अशी एक रेघ ठेवा. शाळेतल्या पंख्यांवर, देवळातल्या घड्याळांवर हा शब्द किती ठिकाणी रंगवलेला असतो, आठवून बघा.

प्रश्नकर्ता

रेघ घातली. पहिली पावती 'देऊळ बांधतोय का' म्हणणाऱ्या काकांनीच फाडली, काकूंच्या स्मरणार्थ.