कुकने ऑस्ट्रेलियाचं नेमकं काय केलं? क्रियापद सुचवा

आमटीभात, सिडनी

नमस्कार मंडळी. लेक चौथीत आहे. रविवारच्या मराठी शाळेत तिला कॅप्टन कुकवर दहा ओळी बोलायच्या आहेत. पहिली ओळ मी आपली सवयीने सांगितली, "कुकने १७७० साली ऑस्ट्रेलियाचा शोध लावला." आदल्याच आठवड्यात तिने "एडिसनने बल्बचा शोध लावला" पाठ केलं होतं. तिने शांतपणे विचारलं, "मग आधी ऑस्ट्रेलिया नव्हताच?"

हसू आलं, पण अडकले. आपल्याकडे बल्बला आणि खंडाला एकच शब्द.

शनिवारी तिला कर्नेलला घेऊन गेलो. बॉटनी बेच्या ज्या काठावर कुक २९ एप्रिल १७७० ला उतरला, ती जागा. वारा इतका की थालीपिठाचा डबा उघडता येईना. समोर, खाडीच्या पलीकडे, विमानतळाची धावपट्टी पाण्यात घुसलेली. म्हणजे आम्ही बॅगांमध्ये लोणच्याच्या बरण्या घेऊन उतरलो ते याच खाडीत.

तिथली हकिगत अशी. किनाऱ्यावर तिथल्या मूळच्या ग्वीगल लोकांपैकी दोन पुरुष भाले उगारून उभे राहिले आणि होडी येऊ देईनात. कुकने आधी दोघांच्या मधून बंदूक झाडली, मग छर्रे मारले. एकाला लागले. तो पळाला तो ढाल आणायला, आणि परत आला! पुन्हा गोळी झाडल्यावर दोघे मागे हटले. झोपडीत चारपाच लहान मुलं दडून बसली होती. त्यांच्याजवळ मण्यांच्या माळा ठेवल्या आणि तिथले चाळीस-पन्नास भाले उचलून नेले. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर माळा तशाच पडलेल्या. हे कुकनेच रोजनिशीत लिहून ठेवलंय. आम्ही इथून निघून जावं एवढंच त्यांना हवंय असं दिसतं, हेही.

लेक त्या माळांपाशीच अडकली आहे. कोणी घेतल्या का नाहीत, परत विचारतेय.

तर प्रश्न: "शोध लावला"च्या जागी काय? "पोहोचला" फार भाबडं वाटतं. "आक्रमण केलं" म्हटलं तर आठ दिवसांत तो निघूनही गेला.

जुना खलाशी, मालवण

ताई, तेहतीस वर्षं जहाजावर काढली, म्हणून आधी त्या माणसाच्या बाजूने बोलतो. त्याचं जहाज एन्डेव्हर म्हणजे मुळात कोळसा वाहणारं सपाट बुडाचं गलबत. त्यात बसून याने सहा महिन्यांत न्यूझीलंडचा जवळजवळ २४०० मैल किनारा नकाशावर आणला. शिडावर! माझी टोपी काढली त्याला.

पण पुढचंही सांगतो. ब्रिटिश नौदलाने त्याला बंद पाकिटात हुकूम दिला होता: स्थानिक लोकांच्या संमतीने सोयीच्या जागा ताब्यात घे, आणि देश निर्मनुष्य असेल तर राजाच्या नावाने घे. हा चार महिने पूर्व किनाऱ्याने वर गेला, धूर बघत, माणसं बघत. आणि २२ ऑगस्टला टोकाच्या एका बेटावर झेंडा लावून सगळा पूर्व किनारा राजाचा म्हणून मोकळा झाला. संमती कोणाची, ते काही लिहिलेलं नाही. आमच्याकडे पावसात भिजून आलेला माणूससुद्धा खळ्यात थांबून "कोण आसा काय घरात?" विचारतो.

शिवाय "पहिला" हा शब्दही गाळा. डच १६०६ सालीच तिथे उत्तरेला उतरले होते.

कीवीपोहे, ऑकलंड

आमच्याकडे याहून वाईट झालं. ऑक्टोबर १७६९, आताचं गिस्बर्न. उतरल्याच्या दिवशीच 'ते मारो' नावाचा माओरी, म्हणजे इथला मूळचा माणूस, गोळीने गेला, आणि पुढच्या दोन दिवसांत आणखी माणसं. ताहितीहून टुपाया नावाचा पुरोहित जहाजावर आला होता. दुसऱ्या दिवशी तो आपल्या भाषेत बोलला आणि माओरींना ती कळली! म्हणजे दुभाषा जहाजावरच होता, फक्त पहिल्या दिवशी बंदूक आधी बोलली. काही मिळालं नाही म्हणून कुकने त्या खाडीला 'पॉव्हर्टी बे' नाव ठेवलं. दारिद्र्याची खाडी! २०१९ पासून टुरांगानुई-आ-किवा हे मूळ नावही अधिकृत झालंय. त्याच वर्षी ब्रिटिश उच्चायुक्तांनी तिथे येऊन खेद व्यक्त केला. माफी नव्हे, खेद. मराठीत हा फरक चांगला कळतो आपल्याला.

क्रियापद: "उतरला".

शंकासुर

कुकला कशाला झोडपता? ऑस्ट्रेलियातल्या याच लोकांबद्दल त्याने लिहिलंय की ते आम्हा युरोपियनांपेक्षा कितीतरी सुखी आहेत. इंग्रजांची वसाहत १७८८ ची, ती गव्हर्नर फिलिपची.

जुना खलाशी, मालवण

शंकासुरा, लिहिलंय खरं. पण फिलिप बॉटनी बेलाच आला ना आधी? कोणाच्या नकाशावर? आणि १७८९ मध्ये सिडनीच्या आसपास देवीची साथ आली, त्यात तिथले निम्मे लोक गेले असा अंदाज खुद्द फिलिपचा. ती साथ कुकने आणली असं मी म्हणत नाही. तो तोवर हवाईत मारला गेला होता, १४ फेब्रुवारी १७७९ ला, तिथल्या राजाला ओलीस धरायला गेला तेव्हा.

आमटीभात, सिडनी

काका, कीवीपोहे, मनापासून आभार. एक भर घालते. त्या भाल्यांपैकी चार केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजकडे उरले होते. ते एप्रिल २०२४ मध्ये इथल्या ला पेरूजच्या मूळ रहिवासी समाजाला कायमचे परत मिळाले. हे सांगितल्यावर लेकीने दहा ओळी स्वतःच लिहायला घेतल्या. आतापर्यंत:

"कुक बॉटनी बेला उतरला. दोन माणसं त्याला नको म्हणाली. त्याने बंदूक मारली. त्याने मणी ठेवले. कोणी घेतले नाहीत. त्याने भाले घेतले. चार भाले २५४ वर्षांनी परत आले."

"बंदूक मारली" मी तसंच ठेवलंय. अजून तीन ओळी हव्यात. टुपायाला घालायचं म्हणतेय. कीवीपोहे, उच्चार 'टुपाया' की 'तुपाइया'? बाईंनी विचारलं तर सांगता यायला हवं.