मदत हवी आहे : कंपनीतून थेट सहसचिव झालेल्यांच्या शेअर्सचं काय होतं?

२००६ मध्ये गोल्डमन सॅक्स या गुंतवणूक बँकेचे प्रमुख हेन्री पॉल्सन अमेरिकेचे अर्थमंत्री झाले, तेव्हा त्यांनी कंपनीचे शेअर्स विकले. (वर अशा विक्रीवरचा कर तिथे पुढे ढकलता येतो. चैन आहे!) तरी २००८ च्या आर्थिक संकटात जुन्या कंपनीशी बोलायला त्यांना खास सूट घ्यावी लागलीच.

मला आपल्याकडचं जाणून घ्यायचंय. लॅटरल एंट्रीने, म्हणजे सेवेबाहेरून थेट नेमणूक होऊन, केंद्रात आलेल्यांकडे आधीच्या कंपनीचे शेअर्स असतील तर?

१९६४ चे केंद्रीय नागरी सेवा (आचरण) नियम वाचले. नियम ४ नुसार स्वतःचा किंवा कुटुंबाचा हितसंबंध असलेलं प्रकरण वरिष्ठांकडे द्यायचं, १६ मध्ये सट्ट्याला मनाई, १८ मध्ये मालमत्तेचं विवरण. पण विकण्याची सक्ती मला कुठे दिसली नाही. माहिती अधिकारात विचारलं, तर ‘(भरतीची) जाहिरात संकेतस्थळावर पाहावी’ एवढंच उत्तर आलं.

निवृत्तीनंतर एक वर्ष खासगी नोकरीसाठी परवानगी लागते, त्या अटीबद्दल माहीत आहे, ते नकोय. वर्तमानपत्रातली मतंही नकोत, कलम किंवा कागद हवा. अशा नेमणूकपत्रात शेअर्स विकायची किंवा जुन्या कंपनीच्या फायलींपासून ठरावीक काळ लांब राहायची अट असते का? असं पत्र कुणी प्रत्यक्ष पाहिलंय?