आर्टिचोक हार्ट्सचे डबे आलेत, आपल्या घरच्या सामानात काय करता येईल?

शहापूरची_सूनबाई
नमस्कार मंडळी. दीर दुबईहून आलेत ते आर्टिचोक हार्ट्सचे डबे आणि एक तेलातली बाटली घेऊन आलेत. घरात कुणालाच माहीत नाही हे काय, सासूबाई विचारूलाल्यात की कमळाच्या कळ्या उकडून भरल्यात काय गं. लेबलवर पाणी, मीठ, सायट्रिक अॅसिड एवढंच. डबा ४०० ग्रॅमचा पण निथळून २४०च भरतंय. चाखून बघितलं, मऊ आणि आंबट-खारट. पास्ता आमच्यात पोरं सोडली तर कोण खात नाही, म्हणून तांदूळ, काबुली चणे, लसूण, दाणे, सुकं खोबरं, संकेश्वरी मिरची असल्या सामानातच बसवायचंय. एण्णेगायीसारखा, म्हणजे तेलातल्या भरल्या वांग्यासारखा मसाला भरून केलं तर?

कॅम्पातला_खवय्या
एण्णेगायी नको हो अक्का. वांगं कच्चं असतंय, तेलात शिजता शिजता मसाला ओढून घेतंय. हे डब्यातलं आधीच शिजलेलं, त्यात कूट, तीळ, खोबरं घातलं की मसालाच लागणार, आणि वर चिंच म्हणजे आंबटावर आंबट. ही सूर्यफुलाच्या कुळातल्या एका काटेरी झाडाची न उमललेली कळी, बाहेरच्या कडक पाकळ्या आणि आतली केसाळ कुसं काढून उरतो तो गाभा, चव एकदम सौम्य.
असं करा, पाण्याखाली धुवून निथळत ठेवा, मग फडक्यात हलक्या हाताने दाबून अगदी कोरडं करा, ओलं टाकलात तर तेल अंगावर उडतंय. उभे दोन भाग, लोखंडी तवा चांगला तापवून तेल, कापलेली बाजू खाली, आणि उलथणं बाजूला ठेवा. सारखं हलवलं की पाकळ्या सुटून लगदा होतो. कडा तपकिरी झाल्या की परता, ठेचलेला लसूण अगदी शेवटी, नाहीतर करपून कडू लागतो. मिरची भरडून, मीठ चाखून मगच. वरून बेकरीतला टोस्ट चुरून तुपात परतून टाका. इटलीत ब्रेडचा चुरा घालतात, आपला टोस्ट काय वाईट आहे.

निपाणीची_वैनी
तव्याचं बरोबर, पण एवढ्याशाने घरातल्या सगळ्यांचं कसं भागणार? भात करा की. काबुली चणे रात्री भिजवून उकडून घ्यायचे, कांदा लाल करायचा, लवंग-दालचिनी बेताची, गरम मसाला नकोच. बेळगाव बासमती असेल तर पाणी जरा कमी, तो पटकन मऊ पडतो. चणे तांदळाबरोबरच शिजवायचे, आर्टिचोक मात्र तव्यावर परतून भात उतरल्यावर वर पसरून पाच मिनिटं झाकण. टोमॅटो नाही, दही नाही, लिंबू लागलंच तर ताटात. सोबत शेंगाची चटणी.

खानापूर_लोकल
चणे आणि आर्टिचोक एकत्र म्हणजे पोटाचं बघा बरं. आर्टिचोकात इन्युलिन नावाचं फायबर असतं, ते लहान आतड्यात पचत नाही, पुढे मोठ्या आतड्यात जाऊन गॅस करतंय, सगळ्यांना नाही पण बऱ्याच जणांना. चणे आहेतच वर. हिंग हात सैल सोडून घाला आणि म्हाताऱ्या माणसांना पहिल्यांदा थोडंच वाढा. खाल्ल्यावर साधं पाणी गोड लागलं तर घाबरू नका, त्यातल्या सायनारिन नावाच्या घटकामुळे जिभेला तसं वाटतंय.

कडक_भाकरी_फॅन
पोरांसाठी अमेरिकन डिप करा, पालक-आर्टिचोकचं. पालक वाफवून घट्ट पिळा, आर्टिचोक बारीक चिरा, चक्का, किसलेलं चीज, लसूण, मिरपूड, सगळं कढईत मंद आचेवर चीज वितळेपर्यंत. चक्का ताजा घ्या, आंबलेला नको. चिप्स कशाला विकत आणताय, ज्वारीची कडक भाकरी मोडून बुडवा, इतकी कुरकुरीत दुसरी वस्तू नाही. माझं मत विचाराल तर सगळ्यात हेच भारी.

शहापूरची_सूनबाई
एण्णेगायी रद्द 😄 रविवारी भात करते, वैनींच्या पद्धतीने, पोरांना डिप. बाटलीतल्या तेलाचं काय करू? आणि डबा फोडून उरलं तर?

कॅम्पातला_खवय्या
त्या तेलात बहुतेक व्हिनेगर आणि पाला असतो, लेबल बघा, फोडणीला तापवलं तर तडतडतंय. कोशिंबिरीवर घाला, नाहीतर उकडलेल्या बटाट्यात कालवा, झकास लागतंय. बाटली उघडली की फ्रीजमध्येच, बाहेर ओट्यावर ठेवायची नाही. डब्यातलं उरलेलं काचेच्या भांड्यात काढून फ्रीजमध्ये, तीन-चार दिवसांत संपवा. कुठला डबा फुगलेला दिसला तर चाखायच्या भानगडीत न पडता टाकून द्या.

निपाणीची_वैनी
भाताचा फोटो टाका गं नक्की. आणि सासूबाईंना आधी सांगू नका काय आहे ते, खाऊ दे मग सांगा.