तिलावाच्या खलाशांची आठवण बेळगावात काढायची की नाही?

खानापूरकर: 20 नोव्हेंबर 1942ला 'तिलावा' जहाज मुंबईहून आफ्रिकेला निघालं. 23 तारखेला आय-29 या जपानी पाणबुडीनं टॉर्पेडो मारला. लोक होड्यांत उतरले. जहाज लगेच बुडेना, म्हणून काहीजण परत वर चढले आणि दुसरा टॉर्पेडो बसला. 958 पैकी 280 माणसं गेली. वाचलेल्यांतल्या बहुतेकांना दोन दिवसांनी 'बर्मिंगहॅम' युद्धनौकेनं उचललं. जहाजातल्या चांदीच्या 2,364 लगडी 2017 साली समुद्रतळातून काढल्या. त्यांच्यावरचा खटला 2024 साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. चांदीसाठी एवढी भांडणं, आणि खलाशांसाठी? आपल्याकडे शहीद जवानांना मानवंदना देतात, तेव्हा व्यापारी जहाजांवरच्या खलाशांचाही उल्लेख व्हायलाच हवा.

फौजीचा_नातू: पटत नाही. बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचं गाव. 1944 साली इटलीत यशवंत घाडगे एकटे मशीनगनवर धावून गेले आणि तिथंच पडले. मरण समोर दिसत असताना पुढं जाणं वेगळं. खलाशी पगारासाठी बोटीवर गेला, बोट बुडाली. वाईट झालं, पण ते हौतात्म्य नव्हे.

शहापूरची_लेक: पगार जवानालाही होता की! बोटीच्या पोटात बॉयलरपाशी राबणाऱ्या आगवाल्याच्या हातात बंदूक नव्हती, टॉर्पेडो बसला की वर यायला वाट नाही. आणि पगार गोऱ्या खलाशाच्या कितीतरी कमी. 1939 साली युद्ध सुरू होताच आपल्या खलाशांनी पगारवाढीसाठी विलायतेत संप केला, तर त्यांना तुरुंगात टाकलं. सुटल्यावर परत त्याच समुद्रात. मरण त्यांनाही दिसतच होतं.

निपाणीकर: मुंबईत खलाशांचं स्मारक आहे, दुसऱ्या महायुद्धातल्या जवळपास 6,000 जणांसाठी. तिथं वाहा फुलं. बेळगावला समुद्र कुठं आहे?

खानापूरकर: इटली तरी बेळगावात कुठं आहे? आंबोली घाट उतरला की सावंतवाडी, पुढं वेंगुर्ला. इथल्या किती घरांची मुळं आणि सोयरीक तिकडं आहे, ते तुम्हालाही ठाऊक आहे. त्या किनाऱ्यावरची पोरं बोटीवर जायची, घाटावरची पलटणीत.

फौजीचा_नातू: सोयरिकीचं मान्य. तरी पलटणीच्या मानवंदनेत मिसळू नका, तिथं शपथ घेतलेल्यांचाच मान. 23 नोव्हेंबरला वेगळा कार्यक्रम ठेवा, मी येईन.

शहापूरची_लेक: वेगळा ठेवला की दहा माणसं येतात, दादा. म्हणून तर एकत्र मागतोय.