‘अशी ही बनवाबनवी’ : आपल्या सीमाभागात तुम्ही तो कसा पाहिलात?

‘अशी ही बनवाबनवी’ 1988 साली आला. दिग्दर्शन सचिन पिळगावकरांचं, लेखन वसंत सबनीसांचं. भाड्याची जागा मिळावी म्हणून चार मित्रांपैकी दोघं साडी नेसून बाकीच्या दोघांच्या बायका बनतात, सचिन सुधा आणि लक्ष्मीकांत बेर्डे पार्वती, अशी ही गोष्ट. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात हा सिनेमा न पाहिलेलं मराठी घर मला तरी अजून भेटलेलं नाही. पण हल्ली त्यावरून घराघरात दोन तट पडायला लागलेत. आमच्याकडे सासूबाईंना तो कधीही लावला तरी चालतो. माझ्या मुलीला मात्र त्यात बायकांची आणि साडी नेसणाऱ्या पुरुषांची टिंगल दिसते, ती उठून आत जाते. मला दोघींचंही म्हणणं मनापासून समजून घ्यायचंय, म्हणून हा धागा.

नुसतं ‘भारी’ किंवा ‘आता बघवत नाही’ लिहून थांबू नका. कुठे पाहिलात, कुणाबरोबर पाहिलात, कोणत्या प्रसंगाला हसलात आणि कुठे हसू आलं नाही, ते सांगा.

निपाणी
आमची आई विड्या वळायची. गणपतीत मंडळानं व्हीसीआर भाड्यानं आणला की कॅसेट कोल्हापूरहून यायची. आमच्याकडून कोल्हापूर जवळ, बेळगाव लांब. गल्लीतल्या सगळ्या बायका सूप मांडीवर घेऊनच सिनेमाला बसायच्या, कारण दुसऱ्या दिवशी विड्या मोजून द्यायच्या असायच्या. पानाची कापणी, तंबाखूची चिमूट, दोऱ्याचा वेढा, सगळं पडद्याकडे बघत चालायचं. सिनेमातला आधीचा घरमालक सरपोतदार आपल्या मधुमेहाच्या औषधाची चौकशी करतो आणि औषध पाठवणारा इस्रायलचा मित्रच वारला असं त्याला ऐकायला मिळतं, तिथं मात्र सगळ्यांचे हात थांबायचे. ज्यांच्या घरात सत्तर रुपये ही मोठी रक्कम होती त्या बायका औषधापायी बुडालेल्या त्याच्या सत्तर रुपयांना सगळ्यात जास्त हसायच्या. आईला त्या रात्रीइतकं हसताना मी फार कमी वेळा पाहिलंय. या सिनेमाला कुणी नावं ठेवली की मला राग येतो, हे स्पष्टच लिहिते.

टिळकवाडी
मी घरमालकीण आहे. वरच्या दोन खोल्या कॉलेजच्या मुलांना देते, त्यामुळे माझं बघणं जरा वेगळं. सगळा सिनेमा एका अटीवर उभा आहे : लीलाबाई काळभोर फक्त जोडप्यांनाच जागा देणार. ही अट लेखकानं हवेतून काढलेली नाही. आमच्या भागात आजही पहिला प्रश्न ‘फॅमिली आहे काय?’ हाच असतो. गोव्याकडून, कारवारकडून शिकायला आलेली पोरं पाठीवर बॅगा घेऊन दारोदार फिरतात आणि संध्याकाळपर्यंत त्यांचे चेहरे उतरतात. मी पोरांना जागा द्यायला लागले त्याला हा सिनेमा थोडासा कारण आहे. एक तक्रार मात्र आहे. म्हातारीला फसवणं इतकं गोड करून दाखवायला नको होतं. नयनतारांनी लीलाबाई इतकी भाबडी आणि मायाळू केलीय की दर वेळी मला वाटतं, अगं, हिला कुणीतरी खरं सांगा की!

गोकाक, सध्या शहापूर
आमची मातृभाषा कन्नड. लग्नानंतर शहापुरात राहायला आलो. शेजारच्या वहिनींकडे केबलवर हा सिनेमा लागला की आम्हाला हाक यायची. माझ्या अव्वाला, म्हणजे आईला, मराठी अजिबात येत नव्हतं, तरी लक्ष्मीकांत बेर्डे पदर सावरत पळायला लागले की ती टाळ्या पिटायची. पुढे हीच गोष्ट तेलुगू आणि कन्नडमध्येही आली, पण आमच्या घरात मराठीच बघतात. लोक याला पडापडीचा सिनेमा म्हणतात, ते मला पटत नाही. नीट बघा, यात पडणं कमी आणि घाबरणं जास्त आहे. दारावर थाप पडली की चौघांचे चेहरे चार तऱ्हेनं बदलतात. अव्वाला भाषा न येता कळायचं ते तेच.

खानापूर तालुका
माझं मत बऱ्याच जणांना आवडणार नाही. लग्नानंतर कितीतरी वर्षं मला मूल नव्हतं. त्या काळात आमच्याकडे कुणाचंही डोहाळजेवण असलं की याच सिनेमातलं गाणं लागायचं. आजही लागतं, स्पीकरवर, हिरव्या साडीतल्या सुनेला झोपाळ्यावर बसवून. सिनेमात मात्र ते खोट्या पोटाचं डोहाळजेवण आहे. पोटाला काहीतरी बांधलेला पुरुष, भोवती ओवाळणाऱ्या बायका आणि सगळीकडे हशा. मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायचे. करणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं हे मला मान्य आहे, अशोक सराफ माझेही आवडते आहेत. पण ज्या घरात ती जागा दुखते तिथं तो प्रसंग विनोदाचा राहत नाही. आता मला मुलगी आहे. सिनेमा बघते, तेवढं गाणं पुढे ढकलते.

अनगोळ
वरच्या ताईंचं वाचून गलबलून आलं. आमच्याकडे आतेबहिणीच्या कार्यक्रमात हेच गाणं लावायचं ठरलंय. माझी एक काकू त्या दिवशी येणार आहे. मी गाणं बदलायला सांगते.

बेळगाव, पदवीचं दुसरं वर्ष
धागा काढणाऱ्या काकूंच्या मुलीच्या बाजूनं लिहितोय. माझं आजोळ सौंदत्तीजवळ. तिथं यल्लम्माच्या जत्रेच्या दिवसांत देवीला वाहिलेले जोगप्पा दारात येतात. जन्मानं पुरुष, पण अंगावर साडी, कपाळभर भंडारा, हातात परडी. आज्जी त्यांच्या पाया पडते, सुपात जोंधळे घालते. त्याच आज्जीच्या घरी संध्याकाळी हा सिनेमा लागतो आणि साडीतल्या पुरुषाला बघून सगळे पोट धरून हसतात. लहानपणी मला ही गोष्ट सुटायची नाही. आता माझ्या वर्गात एक मुलगा आहे, थोडा नाजूक चालतो. त्याला ‘पार्वती’ म्हणतात. हे नाव कुठून आलं ते सांगायला नको. सिनेमा चांगला असेलही, पण त्या मुलाच्या वाट्याला त्यातलं काय आलं हेही कुणीतरी मांडायला हवं.

येळ्ळूर
बाळा, तुझं वाचलं. मी सत्तरी ओलांडलेला माणूस. तरुणपणी गावच्या जत्रेतल्या नाटकात स्त्रीपार्ट करायचो, म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्या मुलखाला पुरुषानं साडी नेसून रंगमंचावर उभं राहणं नवं नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांचं गाव गुर्लहोसूर, आपल्याच जिल्ह्यातलं. 1880 साली त्यांनी पुण्यात शाकुंतल उभं केलं तेव्हा बायकांच्या भूमिका पुरुषच करत होते. मला नऊवारी नेसवायला आत्या यायची. गळ्याचा कंठमणी दिसू नये म्हणून चिंचपेटी घट्ट बसवायची. बसताना आधी निऱ्या सावरायच्या, मग बसायचं, मग पदर. हा क्रम चुकला की पुढच्या रांगेतल्या बायका लगेच ओळखायच्या.

या नजरेनं सचिनची सुधा बघा. मान वळवताना घाई नाही, नजर खाली, पदर बोटात धरलेला. त्यांनी बाई निगुतीनं उभी केलीय. बेर्डेंची पार्वती मुद्दाम वेगळी ठेवलीय. चाल फाकलेली, आवाज मधूनच फाटतो. एक पचून जाते आणि दुसरी कधीही उघडी पडेल असं वाटत राहतं. एकसारख्या दोन बायका असत्या तर सिनेमा अर्ध्या तासात बसला असता. म्हणून माझं मत असं, की हसू साडीला नाही. डोक्यावरचं छप्पर जाईल या धास्तीला हसू आहे. गोकाकच्या ताईंनी ते बरोबर टिपलंय.

पण तुझ्या वर्गातल्या पोराचं वाचून वाईट वाटलं. मलाही जत्रा संपल्यावर महिनाभर पोरं पात्राच्या नावानं हाक मारायची. मला ते चालायचं, कारण मी साडी उतरवून कुस्तीच्या तालमीत जायचो. त्या पोराला उतरवायला काही नाही. हा फरक मला तुझ्यामुळं कळला.

चिकोडी
मूळ गोष्ट आपली नाही हेही लिहायला हवं. हृषीकेश मुखर्जींचा 1966 चा हिंदी सिनेमा होता, त्यावरून घेतलीय. उगाच डोक्यावर घेऊ नये.

वडगाव
चिकोडीच्या दादा, गोष्ट घेतली असेल, पण पुण्यातला भाडेकरू, सरपोतदारांचा हिशेबीपणा, पार्वतीची ओळख करून देताना तिच्या खोट्या नवऱ्याची, शंतनूची उडालेली गाळण, हे सबनीसांचं आहे. हिंदी सिनेमा आज किती घरांत लावतात? आणि अशोक सराफांचं घराणं मूळचं बेळगावचं. या माणसाला महाराष्ट्रभूषण आणि पद्मश्री मिळालं तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटलेत. तेवढा अभिमान आम्हाला असू द्या.

कडोली
मधुमेहाच्या औषधावरचा विनोद मला आता नको वाटतो. वडिलांचा पाय त्यातच गेला. ते स्वतः मात्र शेवटपर्यंत त्या प्रसंगाला खदखदून हसायचे, मलाच बोलवायचे बघायला.

बेळगाव, पदवीचं दुसरं वर्ष
येळ्ळूरचे आजोबा, तुमचं उत्तर मी वर्गातल्या त्या मित्राला वाचून दाखवलं. चिंचपेटीचं त्याला फार आवडलं. सिनेमा त्यानं कधी पूर्ण बघितलेलाच नाही, पहिल्या चिडवण्यानंतर बंद केला होता. म्हणाला, सुधाचं काम बघायचंय, पण वर्गातल्या कुणाबरोबर नको. रविवारी आमच्या घरी लावतोय. तुमच्या नाटकाचा एखादा फोटो असेल तर दाखवाल का? तो विचारतोय.

येळ्ळूर
एक आहे, कृष्णधवल. आत्याच बाजूला उभी आहे. नातवाकडून पाठवतो. आणि रविवारचं आवरलं की दोघं घरी या.