गोवा मुक्तीनंतरचा एक महिना: राष्ट्रीयत्व निवडायला तेवढा पुरला का?

शिरोड्याची लेक:
माझी आजी गोव्यातल्या पेडण्याची, लग्न होऊन वेंगुर्ल्याजवळच्या शिरोड्याला आली. तेरेखोलची खाडी ओलांडली की माहेर. पण 1955 च्या सत्याग्रहानंतर सरहद्द बंद झाली आणि तेवढंच अंतर तिला परदेशाएवढं झालं. ती नेहमी म्हणायची, "आमका कोणी इचारूक नाय."

ते शब्दशः खरं आहे. 28 मार्च 1962 ला केंद्र सरकारने गोवा, दमण आणि दीवसाठी नागरिकत्व आदेश काढला. 20 डिसेंबर 1961 पूर्वी जो स्वतः तिथे जन्मला, किंवा ज्याच्या आईवडिलांपैकी वा आजी-आजोबांपैकी कुणी तिथे जन्मलं, तो त्या दिवसापासून भारतीय मानला गेला. जुनंच राष्ट्रीयत्व ठेवायचं असेल तर एका महिन्यात लेखी कळवायचं. गप्प राहिला तो भारतीय.

गोवा भारताचा झाला याचा मला अभिमान आहे. पण पुदुच्चेरीत फ्रेंच नागरिकांना निवडीसाठी सहा महिने मिळाले. आमच्या तारवट्याला बोटीवर घरचं पत्र पोचायलाच आठवडे लागायचे. त्याने एका महिन्यात काय ठरवायचं?

वेंगुर्लेकर:
ताई, पुदुच्चेरीची तुलना इथे लागू होत नाही. तिथे फ्रान्सने 1956 मध्ये करार केला, तो 1962 मध्ये अमलात आला, आणि मुदत त्या करारातच ठरली होती. पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं ते 1974 च्या अखेरीस! करार करणार कुणाशी? तोवर लोकांना अधांतरी ठेवायचं का? उलट, सगळ्यांना आपोआप नागरिक केलं म्हणून कुणी बिनदेशाचा राहिला नाही. 1955 च्या सत्याग्रहात सरहद्दीवरच्या पत्रादेवीला ज्यांनी छातीवर गोळ्या झेलल्या, त्यांनी ही जमीन आपली मानली होती.

शिरोड्याची लेक:
दादा, आपोआप नागरिक करण्याला माझा विरोध नाही. मुदतीला आहे. आणि जे नाही म्हणाले त्यांचं काय झालं? गोव्यातल्या फादर मोंतेरो यांनी पोर्तुगीज राष्ट्रीयत्व राखलं. 1964 मध्ये त्यांचा राहण्याचा परवाना संपला, ते गेले नाहीत, म्हणून खटला झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. परक्या सैन्याच्या ताब्यातल्या लोकांना जिनिव्हा करार जे संरक्षण देतो, ते आपल्याला मिळावं असा त्यांचा युक्तिवाद होता. प्रदेश भारतात सामील झाल्यावर ताबा म्हणून काही उरत नाही, असं म्हणत न्यायालयाने 1969 मध्ये शिक्षा कायम केली. कायद्याने ते बरोबर असेल. पण नाही म्हटल्यावर गावच सोडावं लागणार असेल, तर ती निवड किती मोकळी?

वेंगुर्लेकर:
त्यांनी विचारपूर्वक लिहून दिलं होतं. परदेशी नागरिकाला परवाना लागतोच, मग तो जन्माने इथला का असेना. त्यात अन्याय कसला?

बांद्याचा:
मी रोज पत्रादेवीच्या नाक्यावरून जातो, म्हणून आजचं सांगतो. पोर्तुगालचा कायदा 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना अजूनही वाट देतो. लिस्बनला जन्मनोंद करायची, पासपोर्ट काढायचा, युरोपात कामाला जायचं. आपल्या कायद्यात मात्र दुसरं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं. माझ्या ओळखीतले दोघे याच फेऱ्यात अडकले. त्यांना पोर्तुगालचं प्रेम नाही, घरात पैसा हवा होता. त्यांना देशद्रोही म्हणू नका, एवढंच.

वेंगुर्लेकर:
देशद्रोही मी कुणालाच म्हटलं नाही. पण दोन होड्यांवर पाय ठेवून खाडी पार होत नाही. फायदा एका देशाचा आणि मतदान दुसऱ्यात, हे मला पटत नाही.

मालवणचा मास्तर:
दोघांच्याही नजरेतून एक गोष्ट सुटली. 16 जानेवारी 1967 ला त्याच गोव्याला विचारलं गेलं: महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं? 34 हजारांच्या फरकाने विलीनीकरण पडलं. मी विलीनीकरणवाला होतो, मनाला लागलं, पण लोकांनी मत दिलं होतं म्हणून मानलं. राज्यासाठी मतपेटी, आणि देशासाठी एक महिन्याची सूचना, हे मलाही खुपतं.

शिरोड्याची लेक:
मास्तर, हेच! 2015 साली भारत आणि बांगलादेश यांनी छिटमहालांची, म्हणजे एकमेकांच्या हद्दीत अडकलेल्या तुकड्यांची, अदलाबदल केली, तेव्हा अधिकारी घरोघर गेले, तुम्हाला कुठलं नागरिकत्व हवं, विचारलं, नोंदवून घेतलं. विचारलं तरी बहुतेक लोक जिथे होते तिथेच राहिले. आजीही भारतच म्हणाली असती. दादा, तिला विचारलं असतं तर काय बिघडलं असतं?

वेंगुर्लेकर:
बिघडलं नसतं. पण मार्च 1962 मध्ये लिस्बन गोवा आपलाच प्रांत म्हणत होतं, आणि तेव्हा घरोघर विचारलं असतं तर तोच प्रश्न त्यांनी जगभर मिरवला असता. मुदत सहा महिने हवी होती, एवढं मान्य.