तातडीने मदत हवी : जुन्या रेड वाइनचं बूच अर्ध्यात तुटलंय

गिरणाकाठ (दुपारी 4:05)
जाणकारांनी लवकर सांगा. काकांची आज पंचाहत्तरी आहे, माणसं साडेसातला येतील. तळघरातली त्यांची मर्लोची (मर्लो द्राक्षाच्या रेड वाइनची) बाटली उघडायला घेतली, तर बुचाचा वरचा तुकडा स्क्रूबरोबर बाहेर आला आणि खालचा मानेतच बसलाय. उजेडासमोर धरली तर आत काळपट गाळ फिरतोय. खराब झालीय का? बूच कसं काढू? उघडल्यावर किती वेळ ठेवायची? कुणी दोन तास लिहितं, कुणी लगेच प्या म्हणतं. काकांनी ही बाटली आजच्यासाठीच राखून ठेवली होती, ती वाया जाऊ द्यायची नाहीये.

जिभाऊ (4:11)
कुठली, कोणत्या सालची? जुनी म्हणजे दोन वर्षांची का वीस? एवढं तरी लिहा भो.

केळीबाग (4:13)
बूच आत ढकला आणि मोकळे व्हा. ग्लासात बर्फ टाका. जळगावात मार्च महिन्यात बर्फाशिवाय काही प्यायलं जात नाही.

सातपुडा पायथा (4:16)
वाइनचं कौतुक कशाला? आमच्याकडे धडगावच्या बाजूला मोहाची फुलं वेचून जी काढतात तिची एकदा चव घ्या. तिला बूच लागत नाही की साल लागत नाही.

गिरणाकाठ (4:18)
मोहाचं नंतर बोलू. लेबलवर सेंट-एमिलियाँ ग्राँ क्रू, 2005 असं आहे. मर्लो असं कुठेच छापलेलं नाही, पण काका म्हणतात मर्लोच. आता बुचाचं सांगा.

रावेरची लेक (4:26)
दादा, काका बरोबर म्हणताहेत. फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या वाइनच्या लेबलवर बहुधा गावाचं नाव असतं, द्राक्षाचं नसतं. सेंट-एमिलियाँ दोर्दोन्य नदीच्या उजव्या काठाला, तिकडे मर्लो जास्त आणि जोडीला काबर्ने फ्राँ हे दुसरं द्राक्ष. आपण काळ्या रानात कापूस घेतो आणि मुरमाड रान वेगळ्या पिकाला ठेवतो, तसंच ते. मर्लोला ओल धरणारी गार चिकणमाती मानवते, काबर्ने सोव्हिन्यों पलीकडे गारोन-जिरोंद नद्यांच्या डाव्या काठावर गोट्यांच्या जमिनीत लावतात.

बूच : स्क्रू सरळ घालू नका, तिरका घाला, म्हणजे तो उरलेल्या तुकड्याला काचेकडे दाबून धरेल. एक-दोन वेढेच फिरवा आणि सावकाश वर ओढा. भुगा व्हायला लागला तर थांबा आणि तुकडा आत लोटून द्या. बुचाचे तुकडे पडले म्हणून वाइन बिघडत नाही, गाळून घेता येते.

गाळाची भीती नको. वर्षानुवर्षात रंग आणि टॅनिन (द्राक्षाच्या सालीतला तुरट अंश) एकमेकांना चिकटतात आणि तळाशी बसतात. तोंडात कडसर लागतो इतकंच. पण तो *फिरतोय* म्हणता, म्हणजे बाटली हललीय. आज किती वेळ उभी होती? वाइनची पातळी मानेत आहे की खांद्याखाली गेलीय? बुचावरच्या पत्र्याच्या टोपीच्या आत चिकट ओघळ होता का?

गिरणाकाठ (4:37)
तिरका स्क्रू घातला, तुकडा निघाला! थोडा भुगा आत पडला. पातळी मानेतच आहे, ओघळ नव्हता. उभी कुठली, तळघर चाळीसगावच्या जुन्या वाड्यात आहे आणि आम्ही जळगावला. सकाळीच गाडीच्या मागच्या सीटवर आडवी ठेवून आणली.

जिभाऊ (4:41)
हे आधी सांगायला हवं होतं. पन्नास-साठ मैल हिंदकळली की गाळ बसायला एक दिवस तरी लागतो. आणि सुरुवातीपासून वाड्यातच होती का? मातीच्या भिंतींचं तळघर चढउतार सोसतं, पण आपल्याकडची जमीनच गरम. तिकडच्या तळघरात बारा-चौदा अंश असतं, आपलं पंचविसाच्या खाली जात नाही.

गिरणाकाठ (4:44)
नाही हो, पुण्याला काकांच्या वाइनच्या थंड कपाटात होती. दिवाळीत पुण्याचं घर सोडलं तेव्हा वाड्यात ठेवली.

मुंबईकर खानदेशी (4:50)
मग वाचली. 2005 बोर्दोचं फार ताकदीचं साल आहे, टॅनिन भरपूर. काचेच्या जगमध्ये ओतून किमान दोन तास हवा द्या. त्याशिवाय ही वाइन बोलत नाही.

जिभाऊ (4:53)
दोन तासांत उरलेला वासही उडून जाईल. एवढ्या जुन्या वाइनला हवा नको, गाळून लगेच ग्लासात घ्या.

मुंबईकर खानदेशी (4:55)
लगेच प्याल तर नुसता तुरटपणा हाती येईल. मी याच सालच्या बाटल्या उघडल्या आहेत.

जिभाऊ (4:56)
तुम्ही उघडल्या तेव्हा त्या किती वर्षांच्या होत्या, ते सांगा ना.

पाचोरा पॅसेंजर (5:02)
परवाना आहे का सगळ्यांकडे? महाराष्ट्रात पिण्यासाठी परवाना लागतो, एक दिवसाचाही मिळतो. वाइनला वय एकवीस पूर्ण हवं.

आरोग्यधन (5:06)
रेड वाइन हृदयाला चांगली असते, पंचाहत्तरीला उत्तम भेट.

पाचोरा पॅसेंजर (5:09)
हे पसरवू नका. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं की मद्याचं कुठलंच प्रमाण सुरक्षित नाही. आनंदासाठी घोटभर घ्या, औषध म्हणून नको.

रावेरची लेक (5:14)
हा वाद बाजूला ठेवा, दादांना घाई आहे. आता बाटली उभी करून फ्रीजमध्ये ठेवा, तोंडावर सैलसं झाकण. थंड करायची म्हणून नाही, गाळ बसावा म्हणून. साडेसहाला बाहेर काढा. "रूम टेंपरेचरला प्या" हा सल्ला युरोपातल्या खोलीचा आहे. आपल्याला सतरा-अठरा अंश हवेत. बर्फ अजिबात नको.

मग मलमलचं फडकं नुसत्या पाण्यात धुऊन घट्ट पिळा (साबणाचा वास राहिलेलं नको) आणि काचेच्या जगावर धरा. मानेखाली मोबाइलचा टॉर्च लावून एका दमात, न थांबता ओता. गाळाची काळी रेघ मानेत येताना दिसली की थांबा, तळाचं तळालाच राहू द्या.

आधी एक घोट तुम्ही घ्या. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बुचाचा दोष, त्याला इलाज नाही. व्हिनेगरचा झणका आला तर गेली. ओली माती, सुका पाला, तंबाखू, सुकवलेला आलुबुखार असं काही आलं तर नशीबवान आहात. हवा किती द्यायची ते त्या घोटावरून ठरेल, सालावरून नाही. जेवायला काय आहे?

गिरणाकाठ (5:20)
वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, शेवभाजी.

रावेरची लेक (5:23)
शेवभाजीचा काळा मसाला आणि तिखट या वाइनला खाऊन टाकेल, तिखटावर ती नुसती कडू आणि जळजळीत लागते. आधी वाइन, मग शेवभाजी. भरतात मिरची घालण्याआधी वाटीभर बाजूला काढा. काड्यांवर भाजलेल्या वांग्याचा धुरकट वास आणि जुनी मर्लो, हे मी स्वतः चाखलंय, फार छान जमतं.

गिरणाकाठ (रात्री 9:48)
ओतताना कड विटकरी होती, मधे गडद लाल. पहिला घोट बंद वाटला, नुसती ओली माती. वीस मिनिटांनी आलुबुखार आला, मग कातड्यासारखा वास, आणि गिळल्यावरही जिभेवर बराच वेळ रेंगाळला. काकांनी मिरचीशिवायचं भरीत बोटाने चाटून घोट घेतला आणि दुसऱ्यांदा ग्लास पुढे केला. तासाभराने मात्र वास उतरायला लागला. जगमध्ये पाऊण ग्लास उरलीय, उद्या चालेल का?

मुंबईकर खानदेशी (9:55)
वीस मिनिटांनी उघडली म्हणजे हवा हवीच होती.

जिभाऊ (9:57)
आणि तासाभराने उतरली, तेही वाचा.

रावेरची लेक (10:04)
दादा, छोटीशी स्वच्छ बाटली असेल तर तिच्यात भरा, वर जितकी कमी हवा राहील तितकं बरं. झाकण लावून फ्रीजमध्ये. उद्या दुपारपर्यंत काकांना द्या, परवापर्यंत ठेवू नका.